घरटी एक मेढ

मला झाडांतलं काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मी शिंदखेड्याकडचा माणूस. आमच्याकडे झाड म्हणजे बाभूळ नाहीतर निंब, आणि डोंगर म्हणजे लांबून बघायची गोष्ट. मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो. वडील जेवताना माझ्या ताटाकडे बघायचे, बोलायचे काही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मग धुळ्याच्या एका संस्थेला कागदपत्रं लिहिणारा माणूस हवाय असं कळलं. माझं अक्षर चांगलं होतं. तेवढ्यावर मला घेतलं आणि पिंपळनेरला पाठवलं. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. रस्त्यावर खडी फोडणारी चांगली शिकलेली पोरं मी पाहिली होती. त्यामुळे हातची नोकरी जाऊ द्यायची नाही, एवढी एकच अक्कल मला तेव्हा होती. ती अक्कल कोणाला किती महाग पडली ते सांगायला बसलोय.

पिंपळनेर सोडून पश्चिमेला निघालं की चढ लागतो. आमचं काम होतं त्या पाड्यापर्यंत एसटी जात नसे. शेवटच्या फाट्यावर उतरून दीड तास चालायचं. तीसेक घरं, भिल्लांची आणि कोकणा आदिवासींची, आणि त्यांच्या मागं एक डोंगर. पूर्वी त्या डोंगरात दिवसा ऊन खाली उतरत नसे, असं म्हातारे सांगायचे. मी पाहिला तेव्हा नुसते खुंट होते. ठेकेदारांनी नेलं, दुष्काळात लोकांनीही नेलं, उरलं ते बकऱ्यांनी खाल्लं. रान गेलं तसा मोह गेला, डिंक गेला, चारोळी गेली. शेतातली नागली संपली की घरात काही नाही. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि अख्खा पाडा गुजरातेत ऊस तोडायला जायचा. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. मागं राहायची म्हातारी माणसं आणि कुत्री.

मुंबईच्या एका ट्रस्टनं आमच्या संस्थेला या डोंगरासाठी अनुदान दिलं होतं. अट सरळ होती. गावानं तो उतार राखायचा, त्यावर कुऱ्हाड नाही की बकरी नाही. बदल्यात उन्हाळ्यात खड्डे, पावसात रोपं, पावसानंतर दगडी बांध, गवताची कापणी, बांबूच्या टोपल्या, राखण, असं घरटी दोन माणसांना वर्षभर काम. थोडी रोख मजुरी, थोडं धान्य. म्हणजे उसाला जायचं कारणच उरत नव्हतं. पण हातात आला होता तो फक्त पहिला हप्ता. पुढचं अनुदान साहेबांनी येऊन डोंगर पाहिल्यावर. उतार राखलेला दिसला तर मिळणार, तुटलेला दिसला तर तिथंच बंद. हे मीच गावाला वाचून दाखवलं होतं, एकदा नाही, तीनदा.

गावचे कारभारी होते एक आबा. साठीचे असतील, अंगानं काटक, बोलायला लागले की निम्मं डोळ्यांनीच बोलायचे. बायको कधीच वारली होती. घरात मुलगा आणि सून, बस. कुऱ्हाडबंदी ठरली तेव्हा त्यांनी शिवेवरच्या वाघदेवापुढं घराघरातून कुऱ्हाड आणून ठेवायला लावली आणि सगळ्यांना शपथ दिली. मला वाटलं, झालं, नाटक संपलं. पण हा माणूस रोज पहाटे तो उतार चढायचा आणि संध्याकाळी पुन्हा. सख्ख्या मेहुण्याच्या बकऱ्या आत शिरल्या तर त्या दोन दिवस कोंडून ठेवल्या. बायको जिवंत असती तर तिनं मलाच घराबाहेर काढलं असतं, असं स्वतःच सांगून हसायचे.

एवढा जीव का टाकताय, असं मी त्यांना एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी सुनेचं सांगितलं. पहिल्या वर्षी उतार राखायला घेतला खरा, पण अनुदान कागदावरून हातात यायलाच होळी उजाडली. तोवर दिवाळीचा ट्रक येऊन गेला होता. सून तेव्हा पोटुशी होती, तशीच गेली. उसाच्या फडात, पाचटाच्या खोपटात बाळंत झाली. पोरगा झाला. थंडीनं म्हणा, तापानं म्हणा, आठवडाही काढला नाही त्यानं. फडाच्या कडेला पुरला आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहिली. कारण ती बसली तर नवऱ्याचा अर्धा कोयता चालत नाही. हे सगळं आबांनी एका दमात सांगितलं आणि मग म्हणाले, "भाऊ, ह्या खेपले लेकरू घरमाच व्हवाले पायजे."

सून पुन्हा गरोदर होती. पौषात दिवस भरणार होते. आता तुम्हीच बघा, अनुदान म्हणजे धुळ्याच्या कचेरीतल्या लोकांना एक फाईल होती, मला पगार होता, आणि आबांना ते पोर होतं.

आणि डोंगर ऐकत होता हो. दुसरा पाऊस संपता संपता तिथं हिरवं दिसायला लागलं. लावलेली रोपं टीचभर होती, त्यातली बरीच मेलीही. पण जुन्या सागाच्या खुंटांना जे फुटवे आले होते ते पाहून मलासुद्धा छाती फुगवावीशी वाटायची. सरळ, माणसापेक्षा उंच, मनगटाएवढे जाड. आबा त्यांना हात लावून बघायचे आणि मला दाखवायचे. मी आपला मान डोलवायचो. मनातल्या मनात मात्र साहेबांना दाखवायला हेच चांगलं आहे, असा हिशेब चालू असायचा.

दसरा झाला आणि धुळ्याहून आमच्या सचिवांचं पत्र आलं. मुंबईचे साहेब चार दिवसांनी पाहणीला येताहेत, स्वागतात कसूर नको. सचिव चांगले होते, पण पाहुणा म्हटला की त्यांचं धाबं दणाणायचं. त्यांचं दणाणलं की माझं दणाणायचंच. मी त्याच दिवशी पाड्यावर गेलो. आबांच्या अंगणात सगळे जमले. मी भाषणच ठोकलं. म्हणालो, साहेब कोणी सरकारी शिपाई नाही, त्यांच्या शब्दावर तुमचं वर्ष आहे. रस्ता झाडा, वाजंत्री ठेवा, जेवण चांगलं करा आणि मांडव घाला. नुसता नावाचा नको, तुमच्यात लग्नाला घालतात तसा घाला. शेवटचं वाक्य माझं. कोणी सांगितलं नव्हतं, पत्रात नव्हतं. बोलण्याच्या भरात बोलून गेलो.

त्यांच्यात मांडवाची रीत काय आहे हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं. पण माहीत होतं. त्याच उन्हाळ्यात मी पाड्यावरच्या एका लग्नाला गेलो होतो, मांडवाखाली बसून पोटभर जेवलो होतो. घरटी एक मेढ, अशी रीत. प्रत्येक घरानं एक खांब आणून रोवायचा. ज्या घराची मेढ मांडवात नाही, ते घर त्या कार्यात नाही. आणि मेढ हिरवी हवी, ताजी तोडलेली, सालीसकट. कोणाच्या छपराचं जुनं लाकूड आणून लावलं तर यजमानाचा अपमान. वर जांभळीच्या डहाळ्या. त्या लग्नाच्या मेढी माणसांनी दिवसभर पायपीट करून कुठल्या लांबच्या रानातून आणल्या होत्या, हेही मला कौतुकानं सांगितलं गेलं होतं. मी ते ऐकलं आणि विसरलो. कागदावर नसलेलं काही डोक्यात ठेवायचं मला वळणच नव्हतं.

पाहणीच्या दिवशी मी सचिवांबरोबर फाट्यावर जीपची वाट पाहत उभा होतो. साहेब उतरले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट, बोलायला अगदी मऊ. मराठी चांगलं बोलायचे. चालताना त्यांनी मला पाड्याबद्दल नीट प्रश्न विचारले आणि उत्तरं नीट ऐकली. मला वाटलं, जिंकलो.

पाडा दिसायला लागला आणि आधी तो मांडव दिसला. काय सुंदर दिसत होता म्हणून सांगू! सरळ हिरव्या मेढींची रांग, वर जांभळीचा पाला, आत शेणानं सारवलेली जमीन, मध्ये बाज आणि बाजेवर कोरं घोंगडं. बाया कपाळभर कुंकू लावून उभ्या. सून पुढं होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. ढोल सुरू झाला. सचिवांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी फुलून गेलो. इतका फुलून गेलो की त्या मेढींकडे मी पाहिलंच नाही.

साहेबांनी पाहिलं. मांडवात शिरताना त्यांनी एका मेढीवर हात ठेवला, सालीवरून बोट फिरवलं आणि तळाशी वाकून पाहिलं. मग जवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, हे लाकूड कुठलं. त्यानं मोठ्या अभिमानानं हात वर करून आमच्या डोंगराकडे दाखवलं. अहो, लपवायचं कशाला? लपवण्यासारखं काही केलं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तेव्हा कुठे मी त्या मेढींकडे पाहिलं.

पाड्यानं काय विचार केला होता तो मला नंतर कळला. शपथ मोडली असं कोणालाच वाटलं नव्हतं. कुऱ्हाड बंद कशासाठी, तर चोरी नको, विक्री नको, चुलीत घालणं नको. पण ज्याच्यामुळे रान उगवलं तो माणूस पहिल्यांदा दारी येतोय, आणि त्याचा मांडव दुसऱ्याच्या रानातल्या लाकडाचा? ही कसली रीत? त्याच्या रानाचाच मांडव त्याच्या डोक्यावर हवा. आबांनी आदल्या दिवशी वाघदेवापुढं कोंबडं कापून परवानगी घेतली होती. मग घरटी एक माणूस वर गेला आणि घरटी एक मेढ घेऊन खाली आला. आणि मेढ चांगली हवी म्हणून सगळ्यांनी डोंगरावरचे सगळ्यांत सरळ, सगळ्यांत उंच फुटवे निवडले. म्हणजे साहेबांना दाखवायला जे होतं नेमकं तेच.

साहेब न बसताच वर निघाले. मागं सचिव, मी, आबा. ढोल थोडा वेळ वाजत राहिला आणि मग आपोआप थांबला. उतारावर ताजे घाव पांढरे दिसत होते. काही खुंटांना अजून ओल होती. साहेब एकेकापाशी थांबत, पुढं जात. रागावले असते तर काहीतरी बोलता आलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता. मला पुढं कळलं, या डोंगरासाठी ते मुंबईत स्वतः भांडले होते.

खाली आल्यावर ते मांडवात गेलेच नाहीत. पाड्याच्या कडेला एका दगडावर बसले. नागलीच्या भाकरी, उडदाची डाळ, कोंबडीचा रस्सा, सगळं मांडवात झाकून ठेवलेलं होतं. त्यांनी बरोबर आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलं. सून तांब्या घेऊन दोन पावलं पुढं आली आणि थांबली. काहीतरी चुकलंय हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, काय चुकलंय ते कोणालाच कळलं नव्हतं.

साहेबांनी सचिवांना आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, नियम स्पष्ट आहे, गावानं उतार तोडला असं लिहिलं की अनुदान बंद. मी खोटं लिहिणार नाही. पण एक वाट आहे. तोडायला लावणारा माणूस एकच असेल, आणि गावानं त्याचं नाव पुढं केलं असेल, तर तो गुन्हा त्या माणसाचा धरता येतो. गाव राखणीला जागलं असं म्हणता येतं. मग पुढचा हप्ता चालू राहील. फक्त त्या माणसाला, आणि तो ज्या घरातला असेल त्या घराला, या योजनेत पुन्हा काम मिळणार नाही. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "कोणी सांगितलं तोडायला?"

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. माझ्याकडे पाहिलं ते अशासाठी की लिहिणारा मी होतो.

मी, एवढाच एक शब्द बोलायचा होता. मांडव घाला, लग्नासारखा घाला, हे मी सांगितलं. माझं घर योजनेत नव्हतंच. माझी नोकरी गेली असती, फार तर फार. संस्थेनं हाकललं असतं, मी बायकोला घेऊन शिंदखेड्याला गेलो असतो, वडील पुन्हा ताटाकडे बघत बसले असते. त्यापलीकडे काहीच झालं नसतं. हे मला त्या क्षणी सगळं स्वच्छ दिसत होतं. नंतर सुचलं असं नाही. दिसत होतं, आणि मी गप्प बसलो. भ्यालो. दुसरं काही कारण नाही, शोधून थकलो.

आबा मागंच उभे होते. साहेबांची वाट काय आहे हे त्यांना नीट कळलं होतं की नाही म्हणून सचिवांनी ते पुन्हा समजावून सांगितलं. घराला काम मिळणार नाही, हेही सांगितलं. आबांनी एकदा मांडवाकडे पाहिलं. तिथं सून उभी होती. मग माझ्याकडे वळले.

"मी सांगं तोडाले," ते म्हणाले. "मन्हं नाव लिखी टाक, भाऊ."

आणि मी लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. अमुक पाड्याचे कारभारी यांनी स्वतःच्या अधिकारात, गावाची संमती न घेता. हे शब्द माझे, कोणी सांगितले नव्हते. त्यांचा अंगठा घेतला. शाई जास्त लागली तेव्हा मी माझ्या रुमालानं त्यांचा अंगठा पुसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी फाशीचा कागद चोरानंच लिहिला.

अनुदान वाचलं. साहेबांनी शब्द पाळला. महिन्याच्या आत बांधाचं काम सुरू झालं आणि पाड्यावर दिवाळीला कोणी ट्रकची वाट पाहत नव्हतं. एक घर सोडून.

त्या दिवसांत मी दोनदा धुळ्याला गेलो. पहिल्यांदा खरं सांगायचं म्हणून गेलो. एसटीत सगळं वाक्य घोकलं. संस्थेच्या जिन्यात पाच पायऱ्या चढलो आणि सचिव वरून उतरताना दिसले. काय रे, कशाला आलास, म्हणाले. मी म्हणालो, कोरे हजेरीपट संपलेत. हजेरीपटांचा गठ्ठा बगलेत मारून परत आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आबांच्या मुलाचं घर वेगळं दाखवता येईल का विचारलं. सचिव कळवळले, पण म्हणाले की रेशनकार्ड एक आहे, चूल एक आहे, साहेबांनी विचारलं तर काय सांगू. मी पुन्हा काही बोललो नाही. आमच्या घरी ठेवा तिला, असंही मी आबांच्या मुलाला म्हणून पाहिलं. माझी पिंपळनेरला एक खोली होती, नवीन लग्न झालेलं होतं, बायको नको म्हणाली नसती. तो म्हणाला, ती इथं राहिली तर एकट्याला ट्रकवर कोण घेतं. ते मलाही ठाऊक होतं.

ट्रक सकाळी आला, फाट्यावर. बाकीच्या पाड्यांची माणसं आधीच चढलेली होती, कोंबड्या, पातेली, पोरं. मी मुद्दाम गेलो होतो, कशासाठी गेलो होतो देव जाणे. आबांचा मुलगा चढला. सुनेला वर ओढून घ्यावं लागलं, सात महिन्यांची होती. आधी मात्र ती माझ्याकडे आली. तिनं माझ्याशी यापूर्वी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर सावरून हळूच म्हणाली की एका चिठ्ठीवर आमच्या पाड्याचं नाव, तालुका, जिल्हा लिहून द्या. तिकडे काही झालं, हरवलो, मेलो, तर मागं कोणाला कळवायचं ते लोकांना कळलं पाहिजे. मी लिहून दिलं. खाली रेघ मारून दिली. तिनं ती चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली.

आबा मागं राहिले. म्हाताऱ्याला ट्रकवर घेत नाहीत. त्यांचं नाव हजेरीपटावर नव्हतं, धान्य त्यांना मिळत नव्हतं. शेजारची घरं पाळीपाळीनं नागली घालायची. मी एकदा पिशवीभर ज्वारी घेऊन गेलो तर त्यांनी ती गुपचूप घेतली. नको म्हणाले असते तर मला जरा सोसलं असतं. आणि उतार त्यांनी सोडला नाही. दोन पगारी राखणदार नेमले होते, तरी हे पहाटे चढायचे आणि संध्याकाळी चढायचे. मी हजेरी घ्यायला गेलो की ते दिसायचे वर कुठेतरी, आणि मी मान खाली घालून बांधावरच्या माणसांची नावं पुकारायचो.

होळीच्या सुमारास जंगलखात्याचा एक जुना गार्ड सहज आला होता. त्यानं ते तुटलेले खुंट पाहिले आणि मला सांगितलं की सागाचं काही बिघडत नाही, एक कापला की दोन येतात. खरंच येत होते. प्रत्येक खुंटाला नवे कोंब धरले होते, लालसर, जोमदार. दोन पावसांत पुन्हा तेवढेच होतील म्हणाला. मी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मी दगडावर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ट्रकवर गेलेली माणसं परत आली. मी पाड्यावर गेलो तेव्हा आबांचा मुलगा अंगणात कोयत्याची मूठ बसवत होता. मला बघून उठला नाही. मी विचारायच्या आत त्यानंच सांगितलं. मुलगी झाली होती. पौषात, खोपटात. नऊ दिवस होती. थंडी फार होती म्हणाला. एवढंच. सून घरात होती, बाहेर आली नाही.

मी वर चढलो. आबा एका खुंटापाशी बसून त्याच्याभोवती काट्या रचत होते. मी शेजारी बसलो. सहा महिने जे एसटीत आणि जिन्यात घोकलं होतं ते तिथं न घोकता बाहेर आलं. म्हणालो, आबा, लग्नासारखा मांडव घाला असं मी सांगितलं होतं. त्या दिवशी माझं नाव यायला हवं होतं. मी बोललो नाही. तुमची नात माझ्यामुळे गेली. मला रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती.

आबांनी काट्या रचायचं थांबवलं नाही.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "बठ्ठासले माहीत शे. तुन्हं नाव लिखं असतं ते तुन्ही नोकरी जाती. मंग आम्हना कागद कोन लिखतं?"

म्हणजे सगळ्या पाड्यालाच ठाऊक होतं. मग त्यांनी सांगितलं की आता पाऊस येतोय, नवी नावं घ्यायची असतील, तर त्यांच्या घराचं नाव परत घ्यावं म्हणून एक अर्ज लिहायचा. साहेब चांगला माणूस आहे, ऐकेल. सून पुन्हा उभी राहील, पुन्हा दिवस जातील, पुढच्या दिवाळीला तरी ती घरात हवी. अर्ज जोरदार लिही म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे.

माझ्या शर्टाच्या खिशात बदलीचा हुकूम होता. शिंदखेड्याला संस्थेची विहिरींची कामं निघाली होती. ट्रक गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी अर्ज केला होता, मला या डोंगरातून काढा म्हणून. तोही जोरदारच लिहिला होता. हुकूम आदल्या संध्याकाळी हातात पडला होता.

मी आबांना म्हणालो, आज कागद आणला नाही, उद्या घेऊन येतो. ते बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी शिंदखेड्याला हजर झालो.